उशिरा पोचणारा हात

म्हाळाप्पा हाक्के यांनी नवा पाय काढून बाकावर ठेवला आणि बाजारातून न विकता परत आणलेल्या बोकडाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत राहिले.

"बाई, पाय चांगला हाय," ते म्हणाले. "फकस्त माझा न्हाई. दुसऱ्या कुणाचा तरी मला दिलासा."

पाय घडवणाऱ्या रूथ आवळे पुढे झाल्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी म्हाळाप्पांच्या खुंटावरचा सुती मोजा हलकेच उलटवला. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, हाडाचा एक लहानसा उंचवटा असतो. आपल्या प्रत्येकाच्या पायाला तो असतो. बोटाने चाचपला तर लगेच सापडतो. म्हाळाप्पांच्या त्या उंचवट्यावरची कातडी लाल झाली होती आणि मध्यभागी ओलसर दिसत होती. याच जागी, याच कारणाने, हे तिसऱ्यांदा झालं होतं.

मिरजेच्या एका रुग्णालयाच्या मागच्या अंगणात ही कृत्रिम पायांची कार्यशाळा होती. पायाचा पंजा आणि नळी आता तयारच येत. प्रत्येक माणसासाठी वेगळा घडवावा लागतो तो सॉकेट, म्हणजे खुंट ज्यात बसतो तो पेला. पेला नीट बसला तर माणूस चालतो. तो गव्हाच्या दाण्याएवढा जरी चुकला, तरी माणूस बसून राहतो. रूथबाईंचं आयुष्य या पेल्यांमध्ये गेलं होतं.

म्हाळाप्पा जतच्या बाजूचे मेंढपाळ. महामार्ग ओलांडताना एक ट्रक कळपात शिरला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्यांना मधुमेह होता. जखम दोनदा उघडून दोनदा भरली होती. आता पुन्हा चिघळली तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गुडघा असलेला माणूस माळावर चढतो, उकिडवा बसतो, कोकराला पायात धरतो. गुडघा गेला की हे सगळं जातं. म्हाळाप्पांना ते ठाऊक होतं. म्हणून तर ते इतकी थट्टा करत होते.

त्यांचा पेला इतरांसारखा चालणार नव्हता, हे रूथबाईंना पहिल्याच भेटीत समजलं होतं. बहुतेक माणसं पायाने चालतात. मेंढपाळ पायाने उभा राहतो. दिवसभर काठीवर हनुवटी टेकून, अंग एका बाजूला झुकवून, गुडघा किंचित वाकवून तो उभा असतो. तसं उभं राहिलं की खुंट पेल्यात खाली घसरतो आणि बाहेरचा उंचवटा घासला जातो. त्यावर उपाय होता. पेल्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या हाडाखाली, अंगठ्याएवढी एक कड ठेवायची. भार त्या कडेवर येतो आणि खुंट घसरत नाही. रूथबाईंनी म्हाळाप्पांना अंगणात काठी घेऊन उभं केलं होतं, त्यांच्याभोवती फिरून पाहिलं होतं आणि मग ती कड आपल्या हाताने पडद्यावर कोरली होती. तीन वेळा कोरली होती.

त्यांनी बाकावरचा पेला उचलून आत बोट फिरवलं. आतून तो गुळगुळीत होता. कड नव्हती.

"आप्पा, मी इथं कड ठेवली होती."

"उंदरानं खाल्ली असंल," म्हाळाप्पा म्हणाले.

रूथबाईंनी आधी छपाई यंत्र तपासलं. आकृती दिली की हे यंत्र थरावर थर चढवून पेला घडवतं. यंत्र ठीक होतं. मिळालेली आकृती त्याने इमानदारीने घडवली होती. मग त्यांनी आकृतीच उघडली. तिच्यातही कड नव्हती. त्या खुर्चीत टेकल्या. गेल्या दोन खेपांना त्यांनी मनाशी म्हटलं होतं, आपणच जतन करायला विसरलो असू. डोळे थकलेत, वय झालं. तिसऱ्या खेपेला मात्र असं म्हणवेना. या वेळी कड कोरून झाल्यावर त्यांनी म्हाळाप्पांच्या मुलाला पडद्यावर ती दाखवली होती. त्याने ती पाहिली होती.

आता त्या पडद्याविषयी थोडं सांगायला हवं.

रूथबाईंच्या टेबलावर संगणक नव्हता. तसा तो आता कुणाच्याच टेबलावर नसे. होती ती पाटीसारखी एक पातळ काच आणि एक पेन. खरा संगणक दूर, दुसऱ्या राज्यात समुद्राकाठच्या एका थंड इमारतीत होता आणि तिथल्या हजारो संगणकांपैकी एकाचा तुकडा त्यांच्या नावावर होता. या व्यवस्थेला सगळे दूरमेज म्हणत. नळ आले आणि घरोघरच्या विहिरी बुजल्या, तसं दूरमेज आलं आणि टेबलावरचे संगणक भंगारात गेले. कार्यशाळेतले शेवटचे दोन रूथबाईंच्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढले होते. तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. पंख्याचा आवाज गेला, धूळ पुसायचं काम गेलं.

दूरमेजाची तक्रार कुठे करायची, हे मात्र सोपं नव्हतं. पेला कोरण्याची प्रणाली एका कंपनीची, दूरमेज दुसऱ्या कंपनीचं. रूथबाईंनी आधी दूरमेजवाल्यांना विचारलं. एका गोड आवाजाच्या यंत्राने सांगितलं, की आमच्याकडचे सगळे दिवे हिरवे आहेत, तुम्ही प्रणालीवाल्यांना विचारा. प्रणालीवाल्यांच्या यंत्राने सांगितलं, की असा दोष आमच्या प्रणालीत शक्य नाही, तुम्ही दूरमेजवाल्यांना विचारा. रूथबाईंनी पुन्हा विचारलं. दोन्ही यंत्रं न चिडता तेच बोलली. माणूस निदान चिडतो, आणि चिडल्यावर कधी कधी ऐकतो. जेवणाची वेळ होऊन गेली. म्हाळाप्पा अंगणातल्या कडुनिंबाखाली भाकरी खाऊन आडवे झाले.

दुपारी अखेर एक माणूस मिळाला. हर्षल ढोमणे त्याचं नाव; तो प्रणालीवाल्या कंपनीच्या नागपूरच्या मदत कक्षात बसत असे. त्याचा आवाज बसला होता आणि बोलताना तो तोंडातली गोळी या गालातून त्या गालात फिरवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग जे सांगितलं, ते त्याने त्या दिवशी आधीही कुणाकुणाला सांगितलं असावं.

"मॅडम, दूरमेजावर आलेला दोष आम्ही आमचा मानत नाही. हाच दोष साध्या, टेबलावरच्या संगणकावर दाखवा. तिथं दिसला तर तो आमचा. मग आम्ही बघू."

"टेबलावरचा संगणक कुठं मिळेल?"

"आमच्याकडेबी नाही जी," तो म्हणाला. थकल्यामुळे त्याची नागपुरी आपोआप बाहेर आली. "पण नियम तोच आहे."

रूथबाई यावर रागावल्या नाहीत. रागावायला जे त्राण लागतं, ते सकाळीच संपलं होतं. त्यांनी फक्त पाटीचा कॅमेरा वळवून बाकाकडे केला. म्हाळाप्पा आत येऊन बसले होते आणि त्यांचा खुंट उघडा होता. ही जखम पुन्हा चिघळली तर गुडघा जाईल, एवढंच त्या म्हणाल्या. म्हाळाप्पांनी कॅमेऱ्याला हात केला.

मग हर्षल म्हणाला, की मी तुमचं दूरमेज तिकडच्या टोकाकडून उघडून बघतो, म्हणजे तुम्ही काढाल ते मला थेट त्या दूरच्या संगणकात दिसेल. तुम्ही कॅमेरा हातावर ठेवा आणि पाटीवरच्या पेल्यावर असं काहीतरी कोरा, जे आजवर कुणी कोरलं नसेल.

"काय कोरू?" रूथबाईंनी विचारलं.

"मेंढरू काढा की," म्हाळाप्पा बाकावरून म्हणाले.

रूथबाईंनी पेन उचललं आणि पेल्याच्या बाहेरच्या अंगावर एक एडका कोरला. वळलेली शिंगं, लांबट तोंड, एक डोळा. पाटीवर तो छान उठून दिसू लागला. म्हाळाप्पा वाकून बघायला आले आणि कान जरा खाली घ्या म्हणाले. त्यांनी कान खाली घेतले.

"झालं," त्या म्हणाल्या. "दिसलं का?"

"मॅडम, इकडे काहीच नाही," हर्षल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पेला दिसते. एकदम साफ आहे."

पाटीवर एडका होता. दूरच्या संगणकात नव्हता. रूथबाईंनी आकृती जतन करून बंद केली, पुन्हा उघडली. आता पाटीवरही एडका नव्हता.

"आरं, माझं मेंढरू कुठं गेलं?" म्हाळाप्पा म्हणाले.

ते कुठे गेलं, हे हर्षलने शोधून काढलं आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत रूथबाईंना समजावलं.

पेन हललं की ती हालचाल समुद्राकाठच्या संगणकापर्यंत जाते, तिथे गणित होतं आणि चित्र परत येतं. याला वेळ लागतो. पापणी लवण्याहून कमी, पण कोरणाऱ्या हाताला तेवढाही जाचतो. हात पुढे निघून जातो आणि रेघ मागून येते. म्हणून दूरमेजवाल्यांनी एक युक्ती केली होती. उंच उडालेला चेंडू झेलणारं मूल चेंडू आत्ता आहे तिथे धावत नाही, तो जिथे येणार आहे तिथे धावतं. दूरमेजही तसंच करतं. हात कुठे जाणार याचा अंदाज करतं आणि रेघ आधीच काढून ठेवतं. हात तिथे पोचला की झालं. रूथबाईंची सवय शिकायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता. त्याचा अंदाज फार क्वचित चुकत असे.

चुकला तर काय करायचं, हेही ठरलेलं होतं. हात वेगळा गेला, तर ती हालचाल दूरच्या संगणकात पोचते तेव्हा अंदाजाची रेघ तिथे आधीच बसलेली असते. उशिरा पोचलेली रेघ, शिवाय नेहमीपेक्षा वेगळी. म्हणजे हात थरथरला असेल, असं दूरमेज धरतं आणि ती पुसून टाकतं. पाटीवर मात्र काढलेलं सगळं दिसत राहतं. वापरणाऱ्याला आपण अडवले जात आहोत असं वाटू नये, म्हणून.

"कुणाची चूक आहे मग ही?" रूथबाईंनी विचारलं.

हर्षल म्हणाला, आम्ही म्हणू त्यांची. ते म्हणतील अंदाज तुमच्या प्रणालीतल्या हालचालींवरूनच शिकलो. दोघंही खरंच बोलतील.

मग काही न विचारता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगावी की नाही, याचा त्याने आधी विचार केला असावा. गोळी फिरवणं थांबलं होतं. गेल्या काही काळातले रूथबाईंचे पेले त्याने उघडून पाहिले होते. जवळजवळ सगळ्यांत हाताची रेघ फक्त सुरुवातीला दिसत होती. पुढची अंदाजाची होती.

रूथबाई काचेवरच्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

"आणि ते पाय लोकांना बसले?" त्यांनी विचारलं.

"तक्रार आली नाही," हर्षल म्हणाला.

अंदाज बंद करणं शक्य होतं. हर्षलच्या हातात एक कळ होती. पण ती दाबली की रूथबाईंच्या दूरमेजाची मांडणी दोन्ही कंपन्यांनी मान्य केलेल्या मांडण्यांबाहेर जाणार होती. मान्य मांडणीबाहेरच्यांना मदत मिळत नाही. उद्या पाटी काळी पडली, पेला अर्धवट अडकला, तरी कुणी फोन उचलणार नव्हतं. त्यालाही उचलता येणार नव्हता. हे त्याने दोनदा सांगितलं, कारण दोनदा सांगायचा नियम होता.

रूथबाईंनी बाकाकडे पाहिलं. म्हाळाप्पा आपल्या जखमेवर बसू पाहणारी माशी हाकलत होते.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

कळ दाबली गेली. रूथबाईंनी पेन उचललं, पेल्याच्या आत नेलं आणि कड कोरायला सुरुवात केली. रेघ मागून येत होती, पाण्याखालून आल्यासारखी. त्याची तयारी त्यांनी ठेवली होती. वेगळ्याच गोष्टीची मात्र नव्हती. अर्ध्या वाटेवर त्यांचा हात थांबला.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हात पुन्हा तिथेच थांबला. कुणीतरी पुढचं वाक्य पूर्ण करील म्हणून बोलता बोलता थांबावं, तसा. इतकी वर्षं रेघ सुरू केली की ती पुढे आपोआप होत होती, आणि दूरमेज त्यांचा हात शिकत असताना त्यांचा हातही काहीतरी शिकला होता. तो वाट बघायला शिकला होता. दुसऱ्या कुणी कड पुसली, हे एक झालं. आता पुसणारं कुणी नव्हतं, आणि कड त्यांनाच येत नव्हती.

त्यांनी पेन ठेवलं. कोपऱ्यातल्या कपाटामागे प्लास्टरच्या पट्ट्यांचं एक खोकं होतं. विद्यार्थी बघायला येत, तेव्हा पूर्वी काय करत ते दाखवायला ठेवलेलं. रूथबाईंनी कोमट पाणी आणलं, पट्ट्या भिजवल्या आणि म्हाळाप्पांच्या जखमेवर स्वच्छ फडकं बांधून खुंटाभोवती त्या गुंडाळू लागल्या. जुन्या दिवसांत या कार्यशाळेची एक रीत होती. ओलं प्लास्टर चढवलं, की घडवणाऱ्याने हात मागे घ्यायचा आणि पाय ज्याचा त्याला उभं करायचं. मग त्याने स्वतःच्या अंगठ्याने दाबून दाखवायचं, भार कुठे हवा ते. दुखतं कुठे हे सगळेच सांगतात. टेकायचं कुठे, हे उभं राहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

म्हाळाप्पांच्या गुडघ्याखाली उशी लावलेलं स्टूल ठेवलं. त्यांनी काठी मागितली. काठीवर हनुवटी टेकली, अंग झुकवलं आणि खिडकीबाहेर, जिथे फक्त दुचाक्या लावल्या होत्या, तिथे कळपावर नजर ठेवावी तसे बघू लागले. मग न बघता खाली हात नेऊन त्यांनी अंगठा दाबला.

तो ठसा रूथबाईंच्या कडेपेक्षा वेगळ्या जागी पडला. बराच मागे आणि थोडा तिरका.

रूथबाई त्या ठशाकडे बघत राहिल्या. म्हणजे त्यांनी कोरलेली कड पुसली गेली नसती, तरी ती पुरती बरोबर नव्हती.

"चुकलं का काय माझं?" म्हाळाप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा. तुमचं बरोबर आहे."

प्लास्टर वाळलं. रूथबाईंनी तो साचा डाव्या हातात धरला, ठशात बोट ठेवलं आणि उजव्या हाताने पुन्हा पेन उचललं. डावं बोट हलेल तसा उजवा हात हलत गेला. अर्ध्यावर तो थांबू लागला, की त्या डावं बोट पुढे सरकवत. रेघ मागून येत होती. त्यांनी येऊ दिली. हर्षल तिकडच्या टोकाला होता. त्याच्या रांगेत इतर माणसं खोळंबली असणार, पण त्याने फोन ठेवला नाही. मधून मधून तो एवढंच म्हणत होता, "हो, दिसली. हो. हीबी दिसली."

पेला छापून झाल्यावर म्हाळाप्पांनी तो घातला आणि अंगणात कडुनिंबाखाली काठी टेकून उभे राहिले. चालायला सांगितलं तर चालले, आणि पुन्हा येऊन तसेच उभे राहिले. ऊन भिंतीवर चढेपर्यंत ते उभे होते. मग रूथबाईंनी पाय काढून पाहिला. बाहेरच्या उंचवट्यावरचं फडकं जागच्या जागी आणि कोरडं होतं. आतल्या बाजूला, जिथे भार यायला हवा होता तिथे, कातडीवर कडेचा फिकट वळ होता.

"ह्यो माझा हाय," म्हाळाप्पा म्हणाले. जाताना त्यांनी सांगितलं, की ते तिसऱ्यांदा येणारच नव्हते. बायकोने घरात घेणार नाही म्हणून दम दिला, म्हणून आले. नाहीतर पाय पत्र्यावर टाकून कुबड्याच घेतल्या असत्या.

त्यांची जखम भरली. रूथबाई मुद्दाम फोन करून विचारत राहिल्या. काही दिवसांनी हर्षलचाही फोन आला. तक्रार बंद करायची होती. रूथबाई आता मान्य मांडणीत नसल्यामुळे हा शेवटचाच फोन, असं तो म्हणाला. त्याचा घसा अजून बसलेला होता. रूथबाईंनी त्याला ज्येष्ठमध चघळायला सांगितला आणि मग विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, इतर पायांची तक्रार आली नाही. तक्रार आली नाही म्हणजे पाय बसला, असं कोण धरतं?"

हर्षल म्हणाला, की तसं धरलंच जातं. कुणी परत बोललं नाही, की काम बरोबर झालं असं अंदाजाला कळवलं जातं, आणि मग तो तेच आणखी पक्कं शिकतो. हे बोलता बोलता त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं.

"किती ठिकाणी चालतो हा अंदाज?"

"सगळीकडेच की, मॅडम," तो हळूच म्हणाला.

रूथबाईंनी फोन ठेवला. त्यांना अथणीकडची एक बाई आठवत होती. सुंदराबाई, तंबाखूच्या वखारीत उकिडवं बसून पानं निवडणारी. तिचा पेला एकाच बैठकीत झाला होता. ती पाय घालून गेली ती परत आली नव्हती, आणि ती परत आली नाही याचा रूथबाईंना अभिमान वाटत आला होता.

त्यांनी नंबर शोधून लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका लहान मुलीने फोन उचलला. आजी वखारीत नाही, घरीच असते, पण आत्ता झोपली आहे, असं तिने सांगितलं.

"बाळ, मी मिरजेहून बोलते आहे," रूथबाई म्हणाल्या. "आजी नवा पाय घालते ना?"

"कुठला पाय?" मुलीने विचारलं.